जलसंजीवनीचा पूर्वेतिहास : पेशीपटलातील वहनाचे ज्ञान आणि पटकीवरील उपचार
(नाशिक तीर्थक्षेत्राच्या संदर्भात)

सारांश : पटकी अर्थात कॉलरा या रोगाने एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये असंख्य बळी घेतले. रोग्याच्या शरीरातून पाणी व क्षार निघून जातात, हे १८३२ पर्यंत समजले होते. परंतु ते तोंडावाटे परत कसे द्यावेत, हे समजण्यास आणखी सुमारे १३० वर्षे लागली. या विलंबाचे एक प्रमुख कारण औषधांच्या अभावात नसून आतड्याच्या पेशीपटलाविषयीच्या अपुऱ्या कल्पनेत होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : पटकी, पेशीपटल, परासरण, सहवहन, जलसंजीवनी, सिंहस्थ, नाशिक.

प्रस्तावना

नाशिक हे गोदावरीकाठचे प्राचीन तीर्थक्षेत्र होय. गुरू सिंह राशीत आला म्हणजे दर बारा वर्षांनी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. रामकुंड व कुशावर्त या दोन ठिकाणी लाखो भाविक स्नान करतात, तेच पाणी तीर्थ म्हणून प्राशन करतात आणि कुपीत भरून घरी नेतात. पाण्याभोवती असा जनसमुदाय जमतो, तेथे पाण्यावाटे पसरणाऱ्या रोगाचे भय ओघानेच येते. म्हणूनच तीर्थक्षेत्राच्या सामाजिक इतिहासात पटकीचा इतिहास अपरिहार्यपणे मिसळलेला असतो.

या इतिहासाची मांडणी बहुधा दोन अंगांनी केली जाते. एक अंग प्रशासनाचे : यात्राकर, विलगीकरण, लसीकरण, पाणीपुरवठा. दुसरे अंग जंतुशास्त्राचे : जॉन स्नो, रॉबर्ट कॉख, हाफकिन. या दोन्ही अंगांनी रोग कसा येतो व कसा रोखावा, याचे उत्तर मिळते. रोग झालेला माणूस कसा वाचवावा, याचे मिळत नाही. ते उत्तर तिसऱ्याच दिशेने आले. पेशीच्या अतिसूक्ष्म पटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात, या वरकरणी शुष्क वाटणाऱ्या प्रश्नाच्या अभ्यासातून ते आले. या तिसऱ्या अंगाचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील पटकीच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीचा आढावा घेणे.
२) पेशीपटलातील वहनाविषयीच्या संकल्पनांचा विकास मांडणे.
३) या दोन प्रवाहांचा संगम होण्यास विलंब का झाला, याची मीमांसा करणे.

मोडशी, पटकी आणि मरीआई

या रोगाची पश्चिम भारतातील एक महत्त्वाची जुनी नोंद गोव्यातील आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात ओकारी व जुलाब होऊन अल्पावधीत मृत्यू आणणाऱ्या विकाराचे वर्णन केले आहे. स्थानिक लोक त्यास ज्या नावाने ओळखत, ते मराठी-कोंकणीतील ‘मोडशी’ होय. हाच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी बदलला आणि पुढे फ्रेंचांनी त्याचा उच्चार आपल्या भाषेतील ‘कुत्र्याचे मरण’ या अर्थाच्या शब्दांशी जुळवून घेतला. मूळ शब्दात मोडून पडण्याचा भाव आहे. जुलाबांनी देह अक्षरशः मोडून पडतो, हे निरीक्षण लोकभाषेने फार पूर्वी नोंदवून ठेवले होते.

साथीच्या स्वरूपातील पटकी दख्खनमध्ये आली ती १८१८ मध्ये. १८१७ साली बंगालमधील जेसोर येथे उद्रेक झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडातील लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत तिने हाहाकार माजविला. तेथून नागपूर, तत्कालीन औरंगाबाद, अहमदनगर व पुणे या मार्गाने ती ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईस पोहोचली. मुंबई इलाख्याच्या वैद्यक मंडळाने या साथीवरील अहवाल १८१९ मध्ये प्रसिद्ध केले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, पेशवाई संपली आणि सैन्याच्या व निर्वासितांच्या हालचालींनी सारा मुलूख ढवळून निघाला होता. राज्य बदलले आणि रोगही आला. जनमानसात या दोन घटनांची सांगड पडली असल्यास नवल नाही.

खेडोपाडी या रोगाला मरीआईचा कोप मानले गेले. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडावयाचा, पुढच्या गावाने तो त्याच्या शिवेपार ढकलावयाचा, असा प्रघात महाराष्ट्रात रूढ होता. रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो, हे या प्रथेला ठाऊक होते. तो पाण्यातून जातो, हे ठाऊक नव्हते.

१८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई-नाशिक अंतर दिवसांऐवजी तासांत मोजले जाऊ लागले. यात्रेकरूंची संख्या वाढली, तसा रोगाचा वेगही वाढला. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतातील यात्रा हा जागतिक चिंतेचा विषय ठरला. वसाहतवादी शासनाच्या दृष्टीने यात्रेकरू हा आजारी पडू शकणारा माणूस कमी आणि रोगाचा वाहक अधिक होता. पंचवटीतील एखाद्या वाड्यात उतरलेल्या, रात्रीतून डोळे खोल गेलेल्या वृद्धेला काय द्यावे, या प्रश्नाला त्या धोरणात स्थान नव्हते.

१८३२ : योग्य निदान, अपुरा उपाय

या प्रश्नाचे अर्धे उत्तर मात्र आधीच मिळाले होते. १८३१-३२ मध्ये पटकी इंग्लंडात पोहोचली, तेव्हा विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी या तरुण वैद्याने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी, मीठ व अल्कधर्मी क्षार मोठ्या प्रमाणावर घटतात आणि नेमके तेच जुलाबात सापडतात, असे त्याने दाखविले. १८३२ मध्ये स्कॉटलंडातील लीथ येथे टॉमस लॅटा याने मिठाचे द्रावण थेट शिरेत सोडले आणि मरणासन्न रोगी काही काळ उठून बसले. परंतु जंतुविरहित द्रावण, सुया, मात्रेचे ज्ञान यांपैकी काहीच त्या काळी नव्हते. अनेक रोगी पुन्हा कोसळले आणि हा उपाय मागे पडला. ओ’शॉनेसी पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला. भारतात त्याचे नाव राहिले ते तारायंत्राच्या उभारणीसाठी.

त्यानंतरच्या अनेक दशकांत पटकीवर रक्तमोक्षण, पारदयुक्त रेचके व अफू असे उपचार होत राहिले. तहानेने व्याकूळ रोग्यास पाणी देऊ नये, असे मानणारे वैद्यही होते. घरोघरी ‘पोट बिघडले आहे, त्याला पाणी देऊ नका’ हा समज त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स याने शिरेवाटे तीव्र लवणद्रावण देण्याची पद्धत रूढ केली आणि सुमारे ६० टक्क्यांवर असणारा मृत्युदर जवळजवळ निम्म्यावर आणला. तरीही ही पद्धत रुग्णालयापुरतीच राहिली. यात्रेच्या तळावर, वारीच्या वाटेवर, आदिवासी पाड्यावर शिरेत सुई घालणारा माणूस आणि निर्जंतुक बाटली कोठून येणार? तोंड तर प्रत्येकास होते. पण तोंडावाटे दिलेले मिठाचे पाणी आतड्यातून रक्तात न शिरता जसेच्या तसे बाहेर पडे. आतड्याचे दार बंद झाले आहे, असेच सर्वांनी मानले होते.

पटलाविषयीच्या कल्पना : चाळणीपासून दारापर्यंत

या दाराविषयीचे संशोधन युरोपातील प्रयोगशाळांत पटकीशी काहीही संबंध नसताना चालू होते. १७४८ मध्ये फ्रेंच पाद्री नोले याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले व ते भांडे पाण्यात ठेवले. पाणी आत शिरले व पटल फुगून आले. १८२६ च्या सुमारास द्युत्रोशे याने या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. आज ती परासरण या नावाने ओळखली जाते. विरळ द्रावणाकडून संहत द्रावणाकडे अर्धपारगम्य पटलातून होणारा पाण्याचा प्रवास म्हणजे परासरण. मनुका पाण्यात टाकल्या की टरारून फुगतात आणि कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, ही त्याची घरगुती रूपे होत.

१८७७ मध्ये विल्हेल्म फेफर याने मातीच्या सच्छिद्र भांड्यात कृत्रिम पटल तयार करून परासरणाचा दाब मोजला. त्या मापनांवरून व्हांट हॉफ याने द्रावणांचा सिद्धान्त मांडला आणि १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. शतकाच्या अखेरीस अर्न्स्ट ओव्हरटन याने शेकडो पदार्थांची चाचणी घेऊन तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत सहज शिरतात, असे दाखविले. तेव्हा पटल मेदयुक्त असावे. १९२५ मध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी ते मेदरेणूंच्या दोन थरांचे असल्याचा निष्कर्ष काढला.

येथे एक कोडे उभे राहिले. पटल मेदाचे असेल, तर मीठ व साखर हे पाण्यात विरघळणारे पदार्थ आत शिरतात कसे? शिवाय पेशीच्या आत सोडिअम कमी व बाहेर जास्त असते. विसरणाच्या नियमाने हा भेद मिटून जावयास हवा. जिवंत पेशीत तो कायम राहतो. म्हणजे पेशी ऊर्जा खर्च करून सोडिअम सतत बाहेर टाकत असली पाहिजे. १९५७ मध्ये डेन्मार्कमधील येन्स स्कू याने खेकड्याच्या चेतातंतूंत हे काम करणारे विकर शोधून काढले. हाच सोडिअम-पोटॅशिअम पंप होय. या शोधास १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

निर्णायक पाऊल ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात पडले. रॉबर्ट क्रेन याने आतड्याच्या पेशीत ग्लुकोज कसे शिरते, याची उपपत्ती मांडली. ग्लुकोज एकटे आत जात नाही. पटलातील एक वाहक सोडिअम व ग्लुकोज या दोघांना जोडीने आत घेतो. पंपाने सोडिअम बाहेर टाकल्यामुळे आत जी ‘उणीव’ निर्माण होते, तिच्या ओढीने सोडिअम आत येते आणि येताना ग्लुकोजचा हात धरून त्यासही आणते. या क्रियेस सहवहन म्हणतात. या दोघांमागोमाग पाणीही शोषले जाते. हा वाहक जनुकीय पातळीवर १९८७ मध्ये ओळखला गेला. पटल ही केवळ चाळणी आहे, या कल्पनेच्या जागी त्यात निरनिराळी दारे आहेत आणि प्रत्येक दाराची अट वेगळी आहे, ही कल्पना प्रस्थापित झाली.

क्रेनचा प्रश्न साखरेविषयीचा होता. त्याच्या उत्तराची दुसरी बाजू वैद्यकास हवी होती : ग्लुकोजला सोडिअम लागते, याचाच अर्थ सोडिअमला आत नेण्यासाठी ग्लुकोज वापरता येते.

आतडे सोलले गेलेले नव्हते

ही दुसरी बाजू पटकीच्या रोग्यास लागू पडण्यासाठी आणखी एक भ्रम दूर होणे आवश्यक होते. पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असे मत एकोणिसाव्या शतकातील शवविच्छेदनांवरून रूढ झाले होते. वस्तुतः ती मृत्यूनंतरची झीज होती. अस्तरच नाही म्हटल्यावर शोषण कसले?

कलकत्त्यातील शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा बांधलेला भाग वापरून १९५३ मध्ये प्रयोगपद्धती विकसित केली. १९५९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील निबंधात त्यांनी दाखविले, की जंतू गाळून काढलेले द्रवदेखील आतड्यात पाणी साचविते. अर्थात रोगाचे मूळ जंतूने सोडलेल्या विषात आहे. १९६० च्या सुमारास बँकॉक येथील जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले असता अस्तर अभंग आढळले. पुढील संशोधनाने चित्र पूर्ण झाले. हे विष पेशीतील क्लोराइडचे दार उघडे ठेवते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यामागे सोडिअम व पाणी जाते. तीव्र रोगात प्रौढ माणूस तासाला लिटरभर द्रवही गमावू शकतो. परंतु सोडिअम-ग्लुकोजचे जोडदार या विषाच्या तावडीत सापडत नाही. ज्या घराचे मागचे दार सताड उघडे पडले आहे, त्याचे पुढचे दार अद्याप वापरता येते. नुसते मीठ-पाणी पुरेसे का शोषले जात नव्हते आणि त्यात साखर घालताच का शोषले जाते, याचा उलगडा येथे होतो.

बनगाव, १९७१

प्रत्यक्ष उपचार मात्र सिद्धान्ताच्या मागोमाग सरळ रेषेत आला नाही. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचे नोंदविले होते. ओकारी थांबविण्यासाठी त्यांनी वापरलेल्या उपायांत पानओव्याच्या रसाचाही समावेश होता. हीच वनस्पती नाशिककडील अंगणांतूनही सहज आढळते. त्या काळी या नोंदीकडे फारसे लक्ष गेले नाही. शास्त्रीय उपपत्ती नव्हती आणि रोग्यांनी गमावलेल्या द्रवाचे काटेकोर मापनही नव्हते. १९६२ मध्ये फिलिपिन्समध्ये रॉबर्ट फिलिप्स यांना ग्लुकोजमुळे शोषण वाढत असल्याचे दिसले. परंतु पुढील चाचणीत काही रुग्ण दगावल्याने हे काम थांबले. १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी रोग्याने जेवढे गमावले तेवढेच मोजून परत द्यावयाचे, हे सूत्र ठेवून ही पद्धत यशस्वी केली. कलकत्त्यातील संशोधकांनीही त्याच सुमारास तसेच निष्कर्ष काढले.

खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेवाटे द्यावयाचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी मिश्रणे पिशव्यांत भरून आणली आणि ती पाण्यात मिसळून रोग्यांच्या नातलगांकरवी पाजली. छावणीतील सुमारे ३० टक्के मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत ३.६ टक्क्यांवर आला. कोणतीही परिचारिका नसलेल्या ठिकाणी आई, भाऊ, शेजारी हेच उपचारक ठरले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

१९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या शोधाची गणना शतकातील संभाव्य सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. भारतात १९८५-८६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मराठीत या द्रावणास ‘जलसंजीवनी’ हे समर्पक नाव मिळाले.

प्रमाणाचा प्रश्न

जलसंजीवनीच्या इतिहासातील पुढचा टप्पाही पेशीपटलाच्या ज्ञानाशीच निगडित आहे. साखर उपयुक्त, म्हणून अधिक साखर अधिक उपयुक्त, असे येथे होत नाही. द्रावण फार संहत झाले, तर परासरणाच्या नियमाने शरीरातीलच पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. नोले याच्या फुगलेल्या मूत्राशयाचाच हा धडा होय. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सूत्र बदलले. एकूण परासरणीय संहती लिटरमागे ३११ वरून २४५ मिलीऑस्मोलवर आणली गेली आणि सोडिअम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलीमोल, असे समप्रमाण ठेवण्यात आले. आजच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड व २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट असते. पुडी नसल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण सांगितले जाते.

बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात महिला कार्यकर्त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत जाऊन चिमूटभर मीठ व मूठभर गूळ यांचे मोजमाप मातांना शिकविले. मराठी घरातील मीठ घातलेली भाताची पेज याच तत्त्वावर काम करते. तांदळातील पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते; त्यामुळे द्रावण संहत न होता सोडिअमला सोबती मिळत राहतो. मात्र परंपरेला हे सर्व आधीच ठाऊक होते, असा दावा करणे योग्य ठरणार नाही. पेज होती, तशी पाणी तोडण्याची रीतही त्याच घरात होती. यांतील कोणते ठेवावे व कोणते टाकावे, हे सांगण्याचे सामर्थ्य पेशीपटलाच्या अभ्यासाने दिले.

निष्कर्ष

१) पटकीतील नुकसानीचे स्वरूप १८३२ मध्ये कळले, भरपाईचा सार्वत्रिक मार्ग १९६८-७१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात मीठ, साखर व पाणी यांपैकी कशाचीही वाण नव्हती. वाण होती ती आतड्याच्या पटलाविषयीच्या योग्य कल्पनेची.

२) आतड्याचे अस्तर नष्ट होते आणि पटल ही केवळ चाळणी आहे, या दोन कल्पना १९५३ ते १९६० या अल्प काळात बाजूला पडल्या. त्यांपैकी पहिलीच्या निराकरणास कलकत्त्यातील भारतीय संशोधनाचाही हातभार लागला.

३) ज्ञान निर्माण होणे व ते रोग्यापर्यंत पोहोचणे या भिन्न गोष्टी आहेत. चटर्जींपाशी अनुभव होता, उपपत्ती नव्हती. क्रेनपाशी उपपत्ती होती, रोगी नव्हता. दोहोंची जोड पडली तेव्हाच मार्ग खुला झाला.

४) नाशिकसारख्या तीर्थक्षेत्राच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. सिंहस्थाच्या नियोजनात शुद्ध पाणी व मलनिःसारण यांस अग्रक्रम असणे योग्यच आहे. जलसंजीवनी हा त्यास पर्याय नव्हे. परंतु एकोणिसाव्या शतकातील शासनाने ज्या यात्रेकरूकडे केवळ वाहक म्हणून पाहिले, तोच आता आपल्या सोबत्याचा उपचारक होऊ शकतो. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या या शहरात विज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी हा धडा एकत्र शिकविण्यास वाव आहे. अकरावीच्या वर्गात ‘परासरण’ ही व्याख्या म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यास गोदाकाठी एकेकाळी माणसे कशाअभावी दगावली, हेही कळले पाहिजे.